कोटाच्या पोटात

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या कपड्यांचा प्रश्न निघेल असं मला वाटलं नव्हतं. वधूपित्यानं चेक लिहावेत, फोटोत कडेला उभं राहावं आणि जेवणात काही कमी पडलं तर ऐकून घ्यावं, एवढंच त्याचं काम. शिवाय माझ्याकडे सूट होता. ठाणं सोडून इस्राएलला यायचं ठरलं तेव्हा हौसेनं शिवून घेतलेला, गडद निळा, प्युअर वूल. अश्दोदच्या दमट हवेत तो घालायचा योग फारसा आला नाही, त्यामुळे सूट नव्यासारखा राहिला. जुना झालो तो मी.

व्याही पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहा झाल्यावर मी तो त्यांच्यासमोर धरला. माणसं जेरुसलेमची, धार्मिक, शिस्तीची. म्हटलं, आपणही काही कमी नाही हे एकदा कळू दे.

"शंभर टक्के लोकर," मी म्हणालो.

व्याह्यांचा चेहरा पडला. "लोकर? आणि आत?"

"आत मी."

"तुम्ही नाही हो. कॉलरच्या आत."

माझ्या कॉलरबद्दल आजवर बायकोनं बरेच प्रश्न विचारलेत, पण ते बाहेरच्या बाजूबद्दल आणि साबणाच्या संदर्भात. आत काय आहे हे मला माहीत नव्हतं. शिंप्यानं आत काय घातलंय याची चौकशी करणारं गिऱ्हाईक निदान ठाण्यात तरी मी पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक फक्त "कधी मिळेल?" एवढंच विचारतं आणि त्याचंही खरं उत्तर त्याला मिळत नाही.

नियम तसा दोन ओळींचा आहे. तोरेत, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथात, तो दोनदा येतो, लेवीयच्या 19व्या अध्यायात आणि अनुवादच्या 22व्या अध्यायात. मेंढीची लोकर आणि जवसाच्या झाडाचा धागा, म्हणजे लिनन, ही दोघं एका कपड्यात आली की त्याचं शातनेझ होतं आणि ते अंगावर घालायचं नाही. संपलं. सूत कशातही मिसळा. रेशीम मिसळा, नायलॉन मिसळा, उंटाचे केस मिसळा, कुणाची हरकत नाही. आत लिननचा शर्ट आणि वर लोकरीचा कोट असं सुटंसुटं घातलं तरी चालतं. फक्त एका शिवणीत ती दोघं नकोत. (अनुवादमध्ये याच्या आधीच्याच ओळीत बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नये असं सांगितलंय. ते मला विनातक्रार पटलं. मी सरकारी कचेरीत नोकरी केलेली आहे.)

गंमत अशी की या नियमाच्या तावडीत सापडतो तो चांगला सूट. रस्त्यावर ढिगातून उचललेला पॉलिएस्टरचा कोट बहुधा निर्धास्त असतो. त्याच्या आत काय असायचं, चिकटवलेलं कसलं तरी कापड. पण मास्तर जाणता असेल, कॉलर ताठ राहावी म्हणून जिवाचं रान करणारा असेल, तर तो आत लिननचं कॅनव्हास घालतो. म्हणजे जितका शिंपी कसबी, तितकं गिऱ्हाईक धोक्यात.

"मी तेव्हाच सांगत होते, टेरिकॉटचा शिवा," बायको म्हणाली. या वाक्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती.

आता आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले असं आम्ही सांगतो, आणि पुढची कित्येक शतकं कोकणात घाण्यावर तेल काढत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हांला शनवार तेली म्हणायचं. शब्बाथ पाळला, सुंता पाळली, खवलं नसलेला मासा ताटात घेतला नाही. आणि शातनेझ? तोही काटेकोर पाळला असणार, कारण तो मोडायला लागणारा माल कोकणात मिळतच नव्हता. धोतर सुताचं. पावसात डोक्यावर घ्यायचं घोंगडं धनगरानं विणलेलं, निखळ लोकरीचं. जवस घाटावर, आणि तेही खाण्यापुरतं. इतक्या बिनखर्चात पाळला गेलेला दुसरा नियम मला आठवत नाही. पुढे माणसं तळा आणि पेण सोडून मुंबईला गेली, साहेबाची नोकरी धरली, सूट शिवू लागली आणि घोळ सुरू झाला.

जवसाचं नाव निघाल्यावर बायकोचे कान टवकारले. "जवस म्हणजे आपल्या चटणीतलं?"

"तेच. त्याच्या दांड्यापासून धागा निघतो."

"मग लोकरीच्या कोटावर चटणी सांडली तर?"

मी प्रश्न हिब्रूत करून व्याह्यांपुढे ठेवला. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळे मिटले, दाढीवरून हात फिरवला, विचार केला आणि म्हणाले, "बी चालेल. डाग तुमचा तुम्ही बघा."

असं का, हे मात्र विचारायची सोय नाही. शातनेझ हा कारण न दिलेला नियम आहे, देवाचा हुकूम. राशीसारखे थोर भाष्यकारही तो तसाच घ्या म्हणून सांगतात. पण कारण दिलेलं नसलं की माणसं जास्तच कारणं शोधतात. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस म्हणतो, हे मिश्रण फक्त कोहेनांच्या, म्हणजे पुरोहितांच्या, पोशाखासाठी राखून ठेवलेलं होतं. यात तथ्य आहे. देवळात सेवा करणाऱ्या पुरोहितांच्या कमरपट्ट्यात लोकर आणि लिनन दोन्ही असायची. बाराव्या शतकातला धर्मपंडित रामबाम म्हणतो, मूर्तिपूजकांचे पुरोहित असले कपडे घालायचे, म्हणून आपण घालायचे नाहीत. मिद्राशात, म्हणजे जुन्या कथा-भाष्यांत, तर ते थेट काइन आणि हाबेल या भावांवर नेलंय: एकानं देवाला जवस वाहिलं, दुसऱ्यानं मेंढरू, आणि पुढे भावानं भावाला मारलं ते सर्वांना ठाऊक आहे. मला हे तिसरं कारण आवडलं. दोन भावांचं पटलं नाही म्हणून त्यांचा माल आजही एका कपाटात ठेवायचा नाही, इतकी धरून ठेवलेली भांडणं आमच्या नात्यातही आहेत.

जावई मुलगा गोड आहे. सासऱ्याचा सूट अडकला म्हणून त्याला वाईट वाटलं आणि माझं मन रमवायला तो संध्याकाळी मिश्ना, म्हणजे रब्बींच्या नियमांचा जुना ग्रंथ, घेऊन बसू लागला. त्यात किलायिम नावाचं प्रकरण आहे, त्याचा शेवटचा, नववा अध्याय सगळा कपड्यांचा. साधारण इसवी सन 200च्या सुमारास ही मिश्ना सिद्ध झाली. मी कंटाळायच्या तयारीनंच बसलो होतो. पण ऐकता ऐकता मला आमची ठाण्याची सोसायटी आठवली. तिच्या फळ्यावर लिहिलेलं होतं: "लिफ्टमधून सायकल नेऊ नये." त्याखाली वेगळ्या शाईत: "उभी करूनही नेऊ नये." पहिली ओळ नियम होती. दुसरी ओळ वाचताना तिसऱ्या मजल्यावरचे जोशी डोळ्यांपुढे उभे राहायचे. नवव्या अध्यायात असे जोशी ओळीनं उभे आहेत.

उदाहरणार्थ, शातनेझ घालू नये. दहा कपड्यांच्या वरूनही घालू नये. आणि जकात चुकवण्यासाठीही घालू नये. आता हे शेवटचं कलम कुणी हवेतून काढलेलं नाही. नाक्यावर विकायचा माल अंगावर चढवून "हे माझेच कपडे" म्हणत जकातवाल्याच्या डोळ्यांत बघणारा कुणीतरी पकडला गेला असणार, आणि पकडल्यावर त्यानं हाच युक्तिवाद केला असणार, की मी घातलंय कुठे, मी तर चुकवतोय. या माणसाला मी ओळखतो. मुंबईच्या विमानतळावर भर मे महिन्यात तीन स्वेटर आणि ओव्हरकोट घालून, बॅगेचं वजन वाचवत रांगेत उभा असतो तो. माझा मेहुणाच तो.

मग कापडविके. त्यांनी धंद्यापुरता माल अंगावर टाकायला हरकत नाही, मात्र उन्हात ऊन लागू नये असा आणि पावसात पाऊस लागू नये असा हेतू मनात धरायचा नाही. म्हणजे ऊब आली तर येऊ द्या, पण तिची मजा घेऊ नका. जे फारच पापभीरू, ते माल काठीला अडकवून पाठीमागे धरत. शिंप्यांचंही तेच. मांडीवर घेऊन शिवायला परवानगी, पण सोवळे शिंपी जमिनीवर ठेवून शिवत. मेलेल्याच्या कफनाला नियम लागू नाही. गाढवाच्या पाठीवरच्या झुलीलाही नाही. पण ती झूल काढून आपल्या खांद्यावर टाकू नये, अगदी शेणखत वाहून न्यायला म्हणूनही नाही.

"शेणखत कशाला आलं मध्येच?" मी विचारलं.

"कुणीतरी विचारलं असेल," जावई म्हणाला.

अर्थात विचारलं असेल. गाढवाला सूट आहे, मग खत गाढवानं नेलं काय आणि मी नेलं काय, असं म्हणणारा प्रत्येक गावात एक असतोच. दोन हजार वर्षांपूर्वी तो उकिरड्याकडे जाताना खांद्यावर गाढवाची झूल घेऊन चालला होता, आणि कुणा बिचाऱ्या रब्बीनं कपाळाला हात लावून ते एक वाक्य वाढवलं.

धोब्यांच्या खुणांबद्दलही कलम आहे. विणकर आणि धोबी ओळखीसाठी कपड्यावर जे धागे मारत, तेवढ्यानंही मिश्रण होतं म्हणून ते बाद. आणि उंटाचं तर विचारूच नका. मेंढीची आणि उंटाची लोकर एकत्र पिंजली तर बहुमत बघायचं. उंट जास्त असेल तर ती उंटाची, लिननबरोबर चालेल. मेंढी जास्त असेल तर नाही. निम्मं-निम्मं झालं तरी नाही. इथल्या संसदेत, क्नेसेटमध्ये, 120 पैकी 61 जमवताना सरकारांची जी तारांबळ उडते, ती पाहता हा प्रश्न उंटांनी फार शांततेत सोडवला असं म्हणावं लागेल.

मात्र एक गोष्ट जावयानं सांगायला नको होती. तालमुदात, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चेच्या ग्रंथात, म्हटलंय की आपल्या अंगावरच्या कपड्यात शातनेझ आहे असं कळलं तर तो तिथल्या तिथे उतरवायचा, भर बाजारात असलात तरी.

"अहो, मग आतली गंजी धड घालत जा," बायको लगेच म्हणाली. धर्मशास्त्राचा व्यवहारात उपयोग कसा करायचा हे तिला सांगावं लागत नाही.

शेवटी सूट तपासायला न्यायचं ठरलं. कारखान्याच्या मालापेक्षाही हातानं शिवलेल्याची जास्त भीती, असं व्याह्यांचं मत. अश्दोदच्या हरेदी, म्हणजे कर्मठ ज्यूंच्या, वस्तीत एक तपासनीस आहेत. एका इमारतीच्या तळमजल्यावर खोली, दोन बाजूंना चिठ्ठ्या लावलेले काळे कोट लटकलेले, मध्ये टेबलावर सूक्ष्मदर्शक. माझ्यापुढे एक तरुण चार सूट घेऊन उभा होता आणि त्याच्यापुढे एक बाई सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन.

"कुठे शिवला?" तपासनिसांनी विचारलं.

"ठाण्याला. मुंबईजवळ."

"मशीनवर की हातानं?"

"आतलं काम सगळं हातानं," मी अभिमानानं म्हणालो.

"अरे वा!" ते खूश झाले. "म्हणजे काहीतरी सापडणार."

त्यांनी कॉलर उलटी केली, खालचा नमदा पात्याच्या टोकानं उसवला आणि माझ्या डोळ्यांदेखत ज्या शिवणीचे मी पैसे मोजले होते ती शिवण टाका-टाका करत सुटत गेली. आत पिवळसर, खरखरीत कॅनव्हास. त्यावर तिरप्या टाक्यांच्या ओळी, इतक्या नेटक्या की तपासनीस क्षणभर थांबले. "चांगला शिंपी होता," असं म्हणून त्यांनी चिमट्यानं कॅनव्हासचा एक धागा ओढून काढला. तो बोटांत उलटा पिळून मोकळा केला, काचेवर ठेवला आणि मला बघायला बोलावलं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवलं दिसली, लिननच्या तंतूवर थोड्या थोड्या अंतरावर पेरं. खवलं असलेलं ते आपलं, पेरं असलेलं ते परक्याचं, असं मी कोकणी शिक्षणाच्या जोरावर म्हणणार होतो. पण इथे दोन्ही आपापल्या जागी सोज्वळ. भानगड फक्त शेजाराची होती.

कॅनव्हासवर मास्तरांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. मी चष्मा लावून वाचलं: "उजवा खांदा उतरता. पोट पुढे. पैसे बाकी."

"काय लिहिलंय?" तपासनिसांनी विचारलं.

"आशीर्वाद," मी म्हणालो.

मग खांदे उघडले. खांद्याच्या पॅडमध्ये काय असतं हे कुणी बघू नये. कुठल्या कुठल्या चिंध्या पिंजून, दाबून केलेला तो गठ्ठा. लाल तंतू, खाकी तंतू, एक हिरवा. माझ्या डाव्या खांद्यावर बहुतेक एखाद्या पोस्टमनचा गणवेश होता आणि उजव्यावर कुणाच्या तरी मुंजीतलं आसन. डावा पास झाला. उजवा नापास.

"पण लेबलवर तर शंभर टक्के लोकर लिहिलंय," मी शेवटचा प्रयत्न केला.

तपासनीस हसले. लेबल बोलतं ते वरच्या कापडाबद्दल. आतल्या बुकरम-कॅनव्हासची हकीकत त्यावर लिहायची पद्धत नाही. मग कॉलरचं काम करता करता त्यांनी मला जोसेफ रोझेनबर्गरांची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ व्हिएन्नाचे, नाझींच्या काळात निर्वासित होऊन न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात धार्मिक ज्यूसुद्धा बिनघोर कसलेही सूट घालून हिंडताना त्यांना दिसले. आत काय आहे हे कळायला मार्गच नाही म्हटल्यावर लोकांनी तो विषय सोडून दिला होता. रोझेनबर्गरांनी 1940च्या दशकाच्या सुरुवातीला लिनन ओळखायची सोपी रासायनिक चाचणी बसवली आणि प्रयोगशाळा काढली. आज जगभर जिथे जिथे धार्मिक वस्ती आहे तिथे असे तपासनीस सापडतात. परमुलखात हातात काही नसताना उतरलेला माणूस कामधंदा शोधेल, घर शोधेल. या माणसानं लोकांच्या कॉलरी उसवायला घेतल्या. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटला. त्या दिवसापुरता जरा कमी.

नापास खांद्यात नवं पॅड आलं, कॉलरमध्ये सुताचं कॅनव्हास. निघताना त्यांनी सहज विचारलं, "सोफा कसला आहे घरी?" मी ऐकू न आल्यासारखं केलं, पण ते सोबत आलेल्या व्याह्यांना ऐकू गेलं. तालमुदात म्हणे एकावर एक दहा गाद्या घातल्या आणि सगळ्यांत खाली शातनेझ असलं तरी त्यावर निजू नये, न जाणो एखादा धागा वर येऊन अंगाला लागला तर. त्या आठवड्यात आमच्या घरातली प्रत्येक उशी उघडली गेली. कापूस निघाला. एका उशीत मात्र बायकोनं आमच्या लग्नात न दिलेला अहेर सापडला. पाकिटावर नाव माझ्या मावशीचं. त्यावर इथे लिहीत नाही.

सूट घरी आल्यावर मी आरशापुढे उभा राहिलो. कॉलर एका बाजूनं बसत होती. मास्तरांनी उतरत्या खांद्यासाठी उजवं पॅड मुद्दाम जाड घातलेलं होतं. नवं आलं ते सरळमार्गी. त्यामुळे आता मी सतत उजव्या खिशातलं सुटं नाणं शोधत असल्यासारखा दिसत होतो. बायकोची पैठणी व्याह्यांनी दारातूनच पास केली. रेशीम आणि जर, तपासायचं काय! मिश्नाच्या काळी म्हणे रेशमावरही संशय घेत, लोकांना ते लोकर-लिननसारखं वाटेल म्हणून. पुढे रेशीम सगळ्यांच्या ओळखीचं झालं आणि तो अडसर गेला. आयुष्यभर जिच्यावर सर्वांत जास्त खर्च झाला ती वस्तू अशी एका नजरेत सुटली आणि माझ्या कोटाचं शवविच्छेदन झालं.

लग्न जुलैत होतं. इस्राएलमध्ये लग्नाला लोक काय घालून येतात हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना सांगतो: माझे ऑफिसमधले मित्र जीन्स आणि सॅंडलमध्ये आले होते. एक जण टी-शर्टात. व्याह्यांच्या बाजूचे सगळे काळ्या सुटात आणि टोपीत. बाकी सुटात फक्त मी. हॉलला एसी होता, पण तो पाहुण्यांच्या संख्येला घाबरून असावा. हुप्पाखाली, म्हणजे लग्नाच्या मांडवाखाली, काच फुटली, "मझल तोव"चा गजर झाला, नाच सुरू झाला. दोन फेऱ्यांत माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ निघाले. मी कडेला आलो आणि कोटाची बटणं सोडून एक बाही काढली.

समोरच व्याह्यांचे थोरले बंधू होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"काय सापडलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही. उकडतंय."

पण 'काही नाही' म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय हे कोणत्याही धर्मात गृहीत धरलेलं असतं. त्यांनी शेजाऱ्याच्या कानात सांगितलं, त्यानं पुढच्याच्या. नाचाची साखळी एका बाजूनं सैल पडू लागली. एकेक हात आपापल्या कॉलरकडे गेला. कुणी म्हणालं, माझा तपासलेला आहे, पण नंतर बटणं बदलली होती. कुणी म्हणालं, माझा भावाचा आहे, भावाला विचारायला हवं. एक तरुण अस्तराच्या आत बोट घालून चाचपत उभा राहिला. जेवणाच्या रांगेत तपासनीस ताट घेऊन उभे होते. मुलीचं लग्न, आणि त्यांना बोलावलं नाही असं कसं होईल? त्यांना चहूकडून घेरण्यात आलं.

"रविवारी सकाळी नऊनंतर या," ते काकडी चावत सांगत होते. "कोट आणा. पँट नको. आणि कृपा करून इथे उसवू नका."

व्याही माझ्याजवळ आले, खाली लोंबणारी बाही उचलून त्यांनी माझ्या हातात घातली आणि बटणं एकेक करून लावून दिली.

"तुम्ही घालून राहा," ते म्हणाले. "आज या हॉलमध्ये ज्याच्याबद्दल पक्की खात्री आहे असा हा एकच कोट आहे. लोकांना बघून बरं वाटेल."

मी तसाच पहाटेपर्यंत घामाघूम होऊन स्टेजजवळ उभा होतो. दर थोड्या वेळानं कुणीतरी यायचं, माझ्या कॉलरकडे आदरानं बघायचं आणि विचारायचं, "शिंपी कुठला म्हणालात?"